शॅल (इंग्रजी शब्द)

शॅल हे इंग्रजी भाषेतील एक साहाय्यक क्रियापद आहे. भविष्यकाळ, कर्तव्य, निश्चय, वचन, धमकी, सूचना व आज्ञा असे अनेक अर्थ या एका शब्दातून व्यक्त होतात. विसाव्या शतकात बोलभाषेतील त्याचा वापर बराच कमी झाला. मात्र कायदे, करार, राज्यघटना आणि तांत्रिक मानके यांच्या भाषेत त्याचे स्थान आजही महत्त्वाचे आहे. भारताच्या संविधानाच्या इंग्रजी मजकुरात हा शब्द शेकडो वेळा येतो.

'घडेल' आणि 'घडलेच पाहिजे' या दोन अर्थांमधील सीमारेषा 'शॅल' या शब्दात पुसट आहे. त्यामुळे एखाद्या कलमातील 'शॅल' नेमका कोणत्या अर्थाने आला आहे, हा केवळ व्याकरणाचा प्रश्न राहत नाही. पोलिसांनी तक्रार नोंदवून घेणे त्यांच्या मर्जीवर आहे की नाही, उशिरा दाखल केलेली कैफियत स्वीकारली जाईल की नाही, शिक्षण हा मुलाचा हक्क आहे की शासनाचा केवळ संकल्प, असे प्रश्न या शब्दाच्या अर्थाशी निगडित राहिले आहेत.

व्युत्पत्ती

'शॅल'चे मूळ प्राचीन इंग्रजीतील 'स्कुलन' या क्रियापदात आहे. त्याचा मूळ अर्थ 'देणे लागणे' किंवा 'ऋणी असणे' असा होता. त्यावरून 'कर्तव्य असणे' हा अर्थ आला. त्याच कुळातील जर्मन भाषेतील 'झोलेन' या क्रियापदाचा अर्थ आजही 'करणे अपेक्षित असणे' असा आहे, तर 'शुल्ड' या जर्मन नामाचे 'कर्ज' व 'दोष' असे दोन्ही अर्थ होतात. डच भाषेतील 'झुलेन' हे क्रियापद मात्र मुख्यतः भविष्यकाळासाठी वापरले जाते.

ऋणाच्या कल्पनेतून कर्तव्याची आणि कर्तव्याच्या कल्पनेतून भविष्याची कल्पना निघाली. जे करणे भाग आहे ते पुढे घडणार, असे गृहीत धरले गेल्याने हा बदल झाला. मराठीतील 'लागणे' या क्रियापदातही ऋण आणि कर्तव्य यांचा असाच संबंध दिसतो. 'तो मला शंभर रुपये देणे लागतो' या वाक्यात ऋण आहे, तर 'मला जावे लागेल' या वाक्यात कर्तव्य किंवा अपरिहार्यता आहे.

'विल' या दुसऱ्या साहाय्यक क्रियापदाचा उगम याहून वेगळा आहे. त्याचा मूळ अर्थ 'इच्छिणे' असा होता. म्हणजे इंग्रजीतील भविष्यकाळ कर्तव्यदर्शक आणि इच्छादर्शक अशा दोन शब्दांपासून घडला. चौदाव्या शतकातील विक्लिफच्या बायबल भाषांतरात लॅटिन भविष्यकाळासाठी सामान्यतः 'शॅल' आणि इच्छादर्शक लॅटिन क्रियापदासाठी 'विल' योजलेले आढळते.

रूपे

'शॅल'चे मूळ भूतकाळी रूप 'शुड' हे आहे. आधुनिक इंग्रजीत 'शुड'ला 'करणे योग्य आहे' असा स्वतंत्र अर्थ प्राप्त झाला असून ते आता वेगळे साहाय्यक क्रियापद मानले जाते. 'शॅल नॉट'चे संक्षिप्त रूप 'शान्ट' असे होते. अमेरिकन इंग्रजीत ते क्वचितच ऐकू येते. द्वितीय पुरुषी एकवचनाचे जुने रूप 'शॅल्ट' हे होते. बायबलच्या १६११ मधील किंग जेम्स आवृत्तीतील दहा आज्ञांमुळे ते परिचित राहिले आहे. त्या आज्ञांमधील 'शॅल्ट नॉट' हे भविष्यकथन नसून निषेध आहे.

'शॅल' व 'विल' यांविषयीचा नियम

इंग्रज गणितज्ञ व व्याकरणकार जॉन वॉलिस यांनी १६५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लॅटिन भाषेतील इंग्रजी व्याकरणात या दोन शब्दांच्या वापराचा नियम मांडला. त्यानुसार,

- प्रथम पुरुषी 'शॅल' केवळ भविष्य सांगतो, तर प्रथम पुरुषी 'विल' वचन किंवा धमकी दर्शवतो.
- द्वितीय व तृतीय पुरुषी याच्या उलट असते. तेथे 'विल' केवळ भविष्य सांगतो आणि 'शॅल' वचन किंवा धमकी दर्शवतो.

अठराव्या शतकात रॉबर्ट लोथ (१७६२) आणि लिंडली मरे (१७९५) यांच्या व्याकरणग्रंथांच्या काळात हा नियम अधिक दृढ झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी फाउलर बंधूंनी 'द किंग्ज इंग्लिश' (१९०६) या पुस्तकात त्याचे सविस्तर विवेचन केले. भारतातील शाळांमध्ये 'रेन अँड मार्टिन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्याकरणाच्या पुस्तकातून हा नियम विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांपर्यंत पोहोचला.

नियम समजावून देण्यासाठी बुडणाऱ्या माणसाचा एक जुना विनोद सांगितला जातो. मदतीसाठी हाका मारताना तो 'शॅल' व 'विल' यांची अदलाबदल करतो. त्यामुळे 'मी बुडणार, मला कोणी वाचवणार नाही' याऐवजी 'मी बुडणारच, मला कोणी वाचवता कामा नये' असा अर्थ होतो आणि काठावरचे सभ्य लोक त्याच्या इच्छेचा मान राखतात. विनोदातील हा माणूस बहुधा स्कॉटिश किंवा आयरिश दाखवला जाई, कारण त्या प्रदेशांतील इंग्रजीत प्रथम पुरुषीही 'विल' वापरण्याची प्रथा होती.

प्रत्यक्ष व्यवहारात हा नियम सर्वत्र पाळला गेला नाही. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फ्राइझ यांनी १९२५ मध्ये इंग्रजी व अमेरिकन नाटकांतील उदाहरणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. व्याकरणग्रंथांतील नियम आणि प्रत्यक्ष वापर यांत मोठी तफावत असल्याचे त्यांनी दाखवून दिले. आधुनिक इंग्रजीत तिन्ही पुरुषांत भविष्यकाळासाठी 'विल' सर्रास चालतो.

प्रमुख अर्थ

- भविष्य: 'आय शॅल बी लेट' म्हणजे 'मला उशीर होईल'. हा वापर आज औपचारिक किंवा जुन्या वळणाचा मानला जातो.
- विचारणा व सूचना: 'शॅल आय ओपन द विंडो' म्हणजे 'मी खिडकी उघडू का?', आणि 'शॅल वी गो' म्हणजे 'आपण निघू या का?'. बोलभाषेत टिकून राहिलेला हा सर्वांत जिवंत वापर आहे. येथे 'विल' घातल्यास अर्थ बदलतो.
- वचन: 'यू शॅल हॅव द मनी' म्हणजे 'तुला पैसे मिळतील, याची हमी मी देतो'. येथे निश्चय वाक्यातील कर्त्याचा नसून बोलणाऱ्याचा असतो.
- धमकी किंवा निषेध: 'ही शॅल नॉट एंटर' म्हणजे 'त्याला आत येऊ दिले जाणार नाही'.
- निश्चय: जाहीर प्रतिज्ञा व घोषणांमधील वापर.
- कर्तव्य किंवा आज्ञा: कायदे, नियम, करार व मानकांमधील वापर.

घोषणा व भाषणांतील वापर

वॉलिस यांच्या नियमानुसार प्रथम पुरुषी निश्चय 'विल'ने व्यक्त व्हायला हवा. तथापि विसाव्या शतकातील अनेक प्रसिद्ध घोषणांत 'शॅल' आढळतो. विन्स्टन चर्चिल यांनी ४ जून १९४० रोजी ब्रिटिश संसदेत केलेल्या भाषणाच्या अखेरच्या भागात 'वी शॅल' ही शब्दजोडी पुन्हा पुन्हा येते. फिलिपाइन्स सोडावे लागल्यानंतर जनरल डग्लस मॅकआर्थर यांनी १९४२ मध्ये केलेली परतण्याची प्रतिज्ञा 'शॅल' या शब्दासह प्रसिद्ध झाली. ऑक्टोबर १९४४ मध्ये ते लेटे बेटावर उतरले. अमेरिकेतील नागरी हक्क चळवळीचे गीत 'वी शॅल ओव्हरकम' याच्या आधीच्या रूपात 'विल' हा शब्द होता. पुढे त्याच्या जागी 'शॅल' रूढ झाला.

लोकमान्य टिळकांच्या 'स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे आणि तो मी मिळवणारच' या घोषणेच्या उत्तरार्धासाठी इंग्रजीत बहुधा 'आय शॅल हॅव इट' असे शब्द वापरले जातात. मराठीत निश्चयाचा भार 'मिळवणार' या रूपाला जोडलेल्या 'च' या अव्ययावर आहे. इंग्रजीत तोच भार 'शॅल'वर येतो.

कायद्याच्या भाषेतील वापर

इंग्लंडमधील कायद्यांच्या मसुद्यांत 'शॅल' दीर्घकाळ वापरात होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जॉर्ज कूड यांनी कायदेलेखनाच्या शैलीवर लिहिताना, कर्तव्य कोणावर आहे आणि त्याने काय करायचे आहे हे वाक्यातून स्पष्ट व्हावे, असा आग्रह धरला. ब्रिटिश भारतातील कायदेही याच परंपरेत लिहिले गेले. १८६० च्या भारतीय दंड संहितेत शिक्षा सांगणारी बहुतेक कलमे 'शॅल'ने बांधलेली होती.

कायद्यात 'शॅल'च्या जोडीने 'मे' हा शब्द येतो. ढोबळमानाने 'शॅल' कर्तव्य सांगतो आणि 'मे' अधिकार किंवा मुभा देतो. तथापि न्यायालयांनी दोन्ही शब्दांना प्रसंगी उलट अर्थही दिला आहे. 'ज्यूलियस विरुद्ध ऑक्सफर्डचे बिशप' (१८८०) या खटल्यात ब्रिटिश हाउस ऑफ लॉर्ड्सने पुढील तत्त्व मांडले. 'मे' अशा शब्दांनी केवळ अधिकार मिळतो. मात्र परिस्थितीनुसार त्या अधिकाराला तो वापरण्याचे कर्तव्य जोडलेले असू शकते. उलट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७७ मध्ये 'रेलरोड कंपनी विरुद्ध हेक्ट' या खटल्यात, शासनाविरुद्ध अर्थ लावताना, वेगळा हेतू दिसत नसल्यास 'शॅल' हा 'मे'प्रमाणे वाचावा, असे म्हटले.

अनिवार्य व निर्देशात्मक तरतुदी

एखादी तरतूद न पाळल्यास त्यानंतरची कृती रद्दबातल ठरत असेल, तर ती तरतूद अनिवार्य मानली जाते. ती न पाळूनही कृती वैध राहत असेल, तर ती निर्देशात्मक मानली जाते. 'शॅल' हा शब्द वापरल्याने तरतूद अनिवार्य असल्याचे प्रथमदर्शनी मानले जाते, मात्र तेवढ्याने निर्णय होत नाही.

'उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध बाबूराम उपाध्याय' या १९६० च्या निकालात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठीचे निकष मांडले. कायद्याचे स्वरूप व रचना, एक किंवा दुसरा अर्थ लावल्यास होणारे परिणाम, तरतूद न पाळल्यास काही दंड सांगितला आहे का, आणि शिथिल अर्थ लावल्यास कायद्याचा हेतू विफल होतो का, हे पाहून न्यायालय निर्णय करते.

भारतीय संविधानातील उदाहरणे

संविधानातील पुढील तरतुदींवरून या शब्दाची व्याप्ती दिसते.

अनुच्छेद ३७ मध्ये 'शॅल' दोन विरुद्ध दिशांनी काम करतो. राज्य धोरणाची निदेशक तत्त्वे न्यायालयामार्फत अंमलात आणता येणार नाहीत, असे सांगतानाही तो येतो आणि कायदे करताना ही तत्त्वे लागू करणे हे राज्याचे कर्तव्य राहील, असे सांगतानाही तोच येतो.

अनुच्छेद ४५ च्या मूळ मजकुरानुसार संविधान लागू झाल्यापासून दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्यासाठी राज्याने 'प्रयत्न' करायचा होता. येथे 'शॅल' होता, परंतु त्याला जोडलेले क्रियापद 'प्रयत्न करणे' हे होते आणि हा अनुच्छेद निदेशक तत्त्वांच्या भागात होता. २००२ मधील ८६ व्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांच्या भागात अनुच्छेद २१-क समाविष्ट झाला. त्यात सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांना राज्याने शिक्षण 'पुरवायचे' आहे. तो १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. 'शॅल' दोन्ही ठिकाणी तोच असला, तरी पुढचे क्रियापद आणि अनुच्छेदाची जागा बदलल्यामुळे संकल्पाचा हक्क झाला.

अनुच्छेद ७४ मध्ये राष्ट्रपतींना साहाय्य व सल्ला देण्यासाठी मंत्रिपरिषद असेल, अशी तरतूद प्रारंभापासून आहे. तो सल्ला राष्ट्रपतींवर बंधनकारक असल्याचे शब्दांत सांगितलेले नव्हते. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने 'शॅल' वापरून राष्ट्रपतींनी सल्ल्यानुसारच वागावे, असे स्पष्ट केले. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने त्याला परंतुक जोडले. सल्ल्याचा फेरविचार करण्यास सांगण्याची मुभा देताना त्यात 'मे' वापरला आहे, तर फेरविचारानंतरचा सल्ला मानण्याबाबत पुन्हा 'शॅल' वापरला आहे.

अनुच्छेद १६६ नुसार राज्य शासनाची सर्व कार्यकारी कृती राज्यपालांच्या नावाने केल्याचे व्यक्त करायचे असते. महाराष्ट्राच्या शासन निर्णयांखाली 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' असे लिहिले जाते, ते या तरतुदीमुळे. मात्र 'दत्तात्रय मोरेश्वर पांगारकर विरुद्ध मुंबई राज्य' (१९५२) या स्थानबद्धतेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने येथील 'शॅल' निर्देशात्मक ठरवला. आदेश विहित स्वरूपात नसला, तरी तो शासनाने दिला होता हे इतर पुराव्याने सिद्ध करता येते, असे न्यायालयाचे मत होते.

'उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध मनबोधनलाल श्रीवास्तव' (१९५७) या प्रकरणात अनुच्छेद ३२० मधील लोकसेवा आयोगाशी विचारविनिमय करण्याची तरतूदही निर्देशात्मक ठरली. 'शॅल' असूनही, विचारविनिमय न झाल्यामुळे शासकीय सेवकावरील कारवाई आपोआप रद्द होत नाही, असा त्याचा परिणाम झाला.

प्रथम खबर नोंदवण्याचे बंधन

१९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५४ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याने लेखी नोंदवून घ्यायची असते. या कलमात 'शॅल' आहे. तरीही, तक्रार खरी वाटते का हे आधी तपासण्याची मुभा पोलिसांना आहे की नाही, याबाबत न्यायनिर्णयांत एकवाक्यता नव्हती. एका अल्पवयीन मुलीच्या अपहरणाची तक्रार पोलिसांनी वेळेवर नोंदवली नाही, म्हणून तिच्या वडिलांमार्फत सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली.

'ललिता कुमारी विरुद्ध उत्तर प्रदेश शासन' या प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने १२ नोव्हेंबर २०१३ रोजी निकाल दिला. माहितीवरून दखलपात्र गुन्हा उघड होत असेल, तर प्रथम खबर नोंदवणे बंधनकारक आहे आणि कलमातील 'शॅल' अनिवार्य आहे, असे न्यायालयाने ठरवले. कौटुंबिक वाद, व्यापारी व्यवहार, वैद्यकीय हलगर्जी, भ्रष्टाचार आणि तक्रारीस असाधारण विलंब अशा काही वर्गांत मर्यादित प्राथमिक चौकशीची सवलत ठेवण्यात आली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ही तरतूद आली आहे. तीन वर्षे किंवा अधिक, परंतु सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत वरिष्ठ अधिकाऱ्याच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची मुभा त्यात दिलेली आहे.

लेखी कैफियतीची मुदत

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ८ नियम १ नुसार प्रतिवादीने समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी कैफियत दाखल करायची असते. न्यायालय ही मुदत नव्वद दिवसांपर्यंत वाढवू शकते. तेथेही 'शॅल' आहे. 'कैलाश विरुद्ध नन्हकू' (२००५) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद निर्देशात्मक ठरवली. कार्यपद्धतीचे नियम न्यायाच्या सोयीसाठी असतात, त्यामुळे अपवादात्मक परिस्थितीत नव्वद दिवसांनंतरही कैफियत घेता येईल, असे तिचे तात्पर्य होते.

व्यापारी न्यायालये अधिनियम, २०१५ ने व्यापारी वादांपुरता हाच नियम बदलला. एकशेवीस दिवसांनंतर प्रतिवादीचा हक्क संपेल आणि न्यायालय कैफियत अभिलेखावर घेणार नाही, असा परिणाम त्यात स्पष्ट लिहिण्यात आला. त्यामुळे 'एससीजी कॉन्ट्रॅक्ट्स विरुद्ध के. एस. चमणकर' (२०१९) या निकालात ही मुदत अनिवार्य ठरली. ग्राहक संरक्षण अधिनियम, १९८६ खालील तीस अधिक पंधरा, अशी पंचेचाळीस दिवसांची मुदतही घटनापीठाने ४ मार्च २०२० रोजी अनिवार्य ठरवली. तरतूद न पाळल्याचा परिणाम कायद्यातच सांगितलेला असेल, तर 'शॅल'ला शिथिल अर्थ देण्यास फारसा वाव राहत नाही, हे व्यापारी वादांच्या उदाहरणावरून दिसते.

'मे प्रिझ्यूम' व 'शॅल प्रिझ्यूम'

१८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमात या दोन शब्दप्रयोगांची व्याख्याच दिलेली होती. 'मे प्रिझ्यूम' असेल तेथे न्यायालय एखादी गोष्ट गृहीत धरू शकते किंवा तिचा पुरावा मागू शकते. 'शॅल प्रिझ्यूम' असेल तेथे ती खोटी असल्याचे सिद्ध होईपर्यंत गृहीत धरणे न्यायालयावर बंधनकारक असते.

विवाहित स्त्रीच्या मृत्यूसंबंधीच्या दोन कलमांत हा भेद ठळकपणे दिसतो. विवाहानंतर सात वर्षांच्या आत झालेल्या आत्महत्येस पती किंवा त्याच्या नातेवाइकांनी अपप्रेरणा दिल्याचे गृहीत धरण्याबाबतच्या, १९८३ मध्ये समाविष्ट झालेल्या कलम ११३-क मध्ये 'मे' आहे. हुंडाबळीबाबतच्या, १९८६ मध्ये समाविष्ट झालेल्या कलम ११३-ख मध्ये 'शॅल' आहे. मृत्यूच्या काही काळ आधी हुंड्यासाठी छळ झाल्याचे दाखवून दिल्यानंतर आरोप खोडून काढण्याचा भार आरोपीवर येतो. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मध्ये ही कलमे अनुक्रमे ११७ व ११८ या क्रमांकांनी कायम आहेत.

अमेरिकेतील एक वादग्रस्त निकाल

कोलोरॅडो राज्यात संरक्षण आदेश मोडणाऱ्यास पोलिसांनी अटक करावी, असे सांगणाऱ्या कायद्यात 'शॅल' होता. १९९९ मध्ये असा आदेश लागू असताना एका पित्याने आपल्या तीन मुलींना नेले. आईने वारंवार कळवूनही पोलिसांनी कारवाई केली नाही आणि तिन्ही मुलींची हत्या झाली. 'टाउन ऑफ कॅसल रॉक विरुद्ध गोन्झालेस' (२००५) या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला. पोलिसांच्या स्वेच्छाधिकाराची दीर्घ परंपरा पाहता केवळ 'शॅल'मुळे अटक अनिवार्य होत नाही आणि आईला अंमलबजावणीचा घटनात्मक हक्क मिळत नाही, असे बहुमताचे म्हणणे होते.

तांत्रिक मानकांतील वापर

आंतरराष्ट्रीय मानकीकरण संघटनेच्या लेखननियमांत 'शॅल' आवश्यकतेसाठी, 'शुड' शिफारशीसाठी, 'मे' परवानगीसाठी आणि 'कॅन' शक्यतेसाठी राखून ठेवला आहे. 'शॅल'ऐवजी 'मस्ट' वापरू नये, असेही त्यात सांगितले आहे. भारतीय मानकांतही 'शॅल' याच अर्थाने येतो. उदाहरणार्थ, काँक्रीटच्या बांधकामासाठीच्या आयएस ४५६ : २००० या मानकात बहुतेक आवश्यकता 'शॅल'ने सांगितल्या आहेत.

इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांसाठी स्कॉट ब्रॅडनर यांनी मार्च १९९७ मध्ये लिहिलेल्या आरएफसी २११९ मध्ये 'मस्ट', 'रिक्वायर्ड' व 'शॅल' हे समानार्थी ठरवले आहेत. २०१७ च्या आरएफसी ८१७४ नुसार हे शब्द मोठ्या लिपीत लिहिलेले असतील तरच त्यांना हा विशेष अर्थ लागू होतो. अर्थ आधीच ठरवून दिल्यामुळे कायद्यात उद्भवणारी संदिग्धता येथे बरीचशी टळते.

टीका व पर्याय

सुलभ कायदेलेखनाचे पुरस्कर्ते 'शॅल' टाळण्याचा सल्ला देतात. एकाच दस्तऐवजात हा शब्द कर्तव्य, अधिकार, भविष्य व शर्त अशा वेगवेगळ्या अर्थांनी येतो, हा त्यांचा मुख्य आक्षेप आहे. ब्रायन गार्नर यांनी संपादित केलेल्या 'ब्लॅक्स लॉ डिक्शनरी'त 'शॅल'चे पाच अर्थ दिले आहेत. कर्तव्यासाठी 'मस्ट' आणि नियमाच्या विधानासाठी साधा वर्तमानकाळ वापरावा, असे सुचवले जाते.

दक्षिण आफ्रिकेच्या १९९३ च्या अंतरिम राज्यघटनेत 'शॅल' होता. १९९६ च्या राज्यघटनेत त्याच्या जागी 'मस्ट' वापरण्यात आला. अमेरिकेच्या संघीय दिवाणी प्रक्रिया नियमांची भाषा २००७ मध्ये सुधारताना 'शॅल' वगळण्यात आला. उलट बाजूने असे म्हटले जाते की, जुन्या कायद्यांतील 'शॅल'वर मोठा न्यायनिर्णयसंग्रह उभा आहे आणि काटेकोरपणे एकाच अर्थाने वापरल्यास तो शब्द निर्दोष आहे.

मराठी भाषांतर

मराठी अधिनियमांत 'शॅल'साठी सामान्यतः 'करील', 'असेल', 'राहील' अशी भविष्यकाळी रूपे आणि 'मे'साठी 'करता येईल' किंवा 'करू शकेल' अशी रचना वापरली जाते. 'शॅल नॉट'साठी 'करणार नाही' असे रूप येते. 'राज्य शासन समिती स्थापन करील' हे वाक्य सामान्य वाचकास आश्वासनासारखे वाटू शकते. कायद्याच्या भाषेत ते कर्तव्य असते. म्हणजे इंग्रजी शब्दातील भविष्य व कर्तव्य यांची सरमिसळ मराठीत वेगळ्या मार्गाने कायम राहते.

मराठीतील 'करावे' हे विध्यर्थी रूप शासन निर्णय व परिपत्रकांत आदेशासाठी सर्रास येते. तथापि व्याकरणदृष्ट्या विध्यर्थातून कर्तव्याबरोबर योग्यता, इच्छा व शक्यता हेही अर्थ निघतात. त्यामुळे बंधन निःसंदिग्ध करायचे असल्यास 'करणे बंधनकारक राहील' किंवा 'करणे अनिवार्य असेल' अशी रचना केली जाते.

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नुसार मराठी ही राज्याची राजभाषा आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार, राज्य विधानमंडळाने इंग्रजीहून वेगळी भाषा विहित केली असल्यास, राज्यपालांच्या प्राधिकाराने राजपत्रात प्रसिद्ध झालेला इंग्रजी अनुवाद हा त्या अधिनियमाचा इंग्रजीतील प्राधिकृत पाठ मानला जातो. मराठीतील 'करील' आणि इंग्रजीतील 'शॅल' यांचा मेळ त्यामुळे कायद्याच्या अंमलबजावणीतही महत्त्वाचा ठरतो.

हे सुद्धा पहा

- साहाय्यक क्रियापद
- विध्यर्थ
- भारताचे संविधान
- राज्य धोरणाची निदेशक तत्त्वे
- प्रथम खबर
- महाराष्ट्र राजभाषा अधिनियम